सात दिवस एकट्याने रानात: सॅक भरण्याआधी घरी ठेवायचा कागद

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. ग्रुपबरोबर तीन-चार मुक्कामांचे ट्रेक पुष्कळ झालेत, आता सात दिवस एकट्याने जायचंय. जागा अशी, की जवळची वस्ती दीड दिवसाच्या चालीवर आणि मोबाइलला रेंज नाही. सॅक किती किलोची असावी, गॅस किती लागेल, तंबू कसला घ्यावा, हे तुम्ही विचारलंय. आणि अगदी शेवटी, जाता जाता टाकल्यासारखं एक वाक्य आहे: ‘घरच्यांना काय सांगू कळत नाही.’

मी त्या शेवटच्या वाक्यापासूनच सुरुवात करतो. सामानाच्या याद्या पायलीला पन्नास मिळतात. तुमच्या तीन-चार मुक्कामांच्या अनुभवावर तुम्ही सॅक बरी भराल याची मला खात्री आहे. अडचण दुसरीकडे आहे. काही बिनसलं तर ते कोणाला, कधी आणि कसं कळणार, हे तुम्ही अजून ठरवलेलं नाही. ते ठरलं की सामानाचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात.

आधी काय सांगता येत नाही ते सांगून टाकतो. तुम्ही कोणत्या ऋतूत जाताय, उंची किती, पाणी कुठे कुठे आहे, कोणती जनावरं आहेत, मुक्कामाला परवानगी लागते का आणि आग पेटवायला बंदी आहे का, यातलं काहीच प्रश्नात नाही. माणूस बदलला की उत्तरं बदलतात, जागा बदलली की त्याहून जास्त. म्हणून खालचे आकडे सुरुवातीचा अंदाज म्हणून धरा. मी अठरा वर्षं लोकांना डोंगरात नेतोय, आणि वर्षातून एखाद वेळ एकटा जातो. ग्रुपचा अनुभव एकट्याला जितका उपयोगी पडतो, तितकाच तो गाफीलही करतो.

का, ते सांगतो. माझा पाय मुरगळला तो ना खिंडीत ना कड्यावर. तंबूपासून चाळीस पावलांवर, ओढ्याला पाणी भरायला गेलो तेव्हा. संध्याकाळ झालेली, पायात सपाता, हेडटॉर्च तंबूत, शिटी सॅकच्या पट्ट्याला, कारण दोन मिनिटांचं तर काम. शेवाळलेल्या दगडावर पाय पडला, घोटा आत वळला आणि कट्ट असा आवाज ऐकू आला. बाटली वाहून गेली. ती चाळीस पावलं परत यायला मला पाऊण तास लागला, बसून, हातांवर मागे मागे सरकत. ग्रुपमध्ये असतो तर कोणीतरी सहज म्हटलं असतं, ‘अरे, बूट घालून जा की.’ हे वाक्य म्हणणारा माणूस एकट्याच्या ट्रेकला नसतो. ग्रुपमध्ये एकाची चूक दुसऱ्याच्या डोळ्यांना दिसते आणि तिथल्या तिथे मिटते. एकट्याची चूक मिटत नाही. ती तशीच पडून राहते आणि तिच्यावर दुसरी चढते.

म्हणून पहिलं काम कागदाचं. घरी एका माणसाकडे एक पान ठेवायचं. तो माणूस प्रेमळ असण्यापेक्षा थंड डोक्याचा असावा. पानावर रोजच्या मुक्कामाची जागा, दोन मुक्कामांमधली वाट, कोणत्या ठिकाणाहून खाली उतरता येतं, तंबूचा आणि जॅकेटचा रंग, तुमची औषधं, गाडी कुठे लावली आहे, आणि त्या भागातल्या बचाव पथकाचा किंवा पोलिसांचा नंबर. आणि सर्वात महत्त्वाचं म्हणजे दोन वेगवेगळ्या वेळा: मी खाली पोहोचेन असं मला वाटतं ती, आणि माझा फोन आला नाही तर तू शोध सुरू करायचास ती. या दोन्हींत निदान एका दिवसाचं अंतर ठेवा.

मी पूर्वी ‘रविवारपर्यंत येतो’ एवढंच सांगून जायचो. एकदा धुक्यामुळे एक रात्र जास्त काढावी लागली, आणि रविवारी रात्री घरी जे झालं ते मी सांगत नाही. पाय मुरगळला त्या खेपेला मात्र कागद होता. दोन दिवस तंबूत पडून राहिलो, तिसऱ्या दिवशी काठीच्या आधाराने उतरलो. त्या दोन दिवसांत डोक्यात घाई नव्हती, कारण घरी अजून कोणी घाबरलेलं नाही हे मला माहीत होतं, आणि उतरता आलं नसतं तर कोणत्या तासाला फोन फिरायला लागले असते हेही माहीत होतं. घाई नसल्यामुळेच मी पहिल्या दिवशी सुजलेल्या पायाने चालायला निघालो नाही.

सॅटेलाइट उपकरण घ्यावं का? माझं मत आहे, घ्यावं. पण त्यात दोन जाती आहेत. एक नुसता आपत्कालीन बीकन. बटण दाबलं की तो 406 मेगाहर्ट्झवर उपग्रहांना संदेश देतो आणि निदान 24 तास देत राहतो. वर्गणी नाही आणि बॅटरी वर्षानुवर्षं टिकते, पण तो संकटाशिवाय दुसरं काही बोलत नाही. दुसरा मेसेंजर. त्यावरून घरी ‘ठीक आहे’ असं कळवता येतं, पण त्याला वर्गणी लागते आणि चार्जिंगही. काही देशांत अशी उपकरणं बाळगायला परवानगी लागते, तेव्हा तुमच्या जागेचा नियम आधी बघा. मेसेंजर घेतलात तर घरी एक गोष्ट पक्की सांगा: रोजचा मेसेज आला नाही याचा अर्थ यंत्र बंद पडलं. मी बंद पडलो असा नाही. शोध कागदावरच्या वेळेलाच सुरू व्हायचा. हे ठरलेलं नसेल, तर घरच्यांच्या जिवाला घोर तेच यंत्र लावतं. शिटीला बॅटरी लागत नाही, ती गळ्यात हवी. मिनिटात सहा वेळा, मग एक मिनिट शांत, मग पुन्हा सहा, ही डोंगरातली जुनी खूण आहे. काही भागांत तीन वेळा वाजवतात. सॅकच्या पट्ट्याला लावलेली शिटी चाळीस पावलांवरून वाजत नाही.

आता वाट. सात दिवस म्हटलं की लोक नकाशावर सात ठिपके काढतात आणि जोडतात. तसं करू नका. मी सात दिवसांत चालायचे दिवस पाच धरतो, एक विश्रांतीचा आणि एक राखीव. राखीव दिवस म्हणजे फिरायला मिळालेला जादा दिवस नाही, तो हवामानाचा आणि घोट्याचा. चालीचा अंदाज बांधायला विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 मध्ये सांगितलेला हिशोब अजून चालतो: सपाटीवर 5 किलोमीटरला एक तास, आणि दर 600 मीटर चढाला आणखी एक. पण तो धडधाकट माणसाचा, चांगल्या वाटेचा आणि न थांबता चालण्याचा. आठवडाभराचं ओझं पाठीवर असताना, वाट शोधत चालायचं तर मी त्याच्या दीडपट धरतो. म्हणजे 10 किलोमीटर अंतर आणि 600 मीटर चढ असेल तर हिशोबाने तीन तास, माझ्या वहीत साडेचार. सूर्य मावळायच्या दोन तास आधी तंबू उभा राहिला पाहिजे, आणि तिथून उलटं मोजत निघायची वेळ ठरवायची.

पहिल्याच खेपेला रोज नवी जागा धरू नका, असंही सांगेन. दोन ठिकाणी तळ ठोका, प्रत्येकी तीन-तीन रात्री. दिवसा हलकी सॅक घेऊन आजूबाजूला हिंडा. त्यामुळे पाणी कुठे आहे, वारा कुठून येतो, पाऊस आला तर कुठे सरकायचं हे दुसऱ्या दिवसापर्यंत कळलेलं असतं. तंबू रोज उपटून रोज रोवण्यात जो वेळ आणि जीव जातो तो वाचतो, आणि एकटं राहण्याची मजाही खरं तर तिथेच आहे. पाचव्या दिवशी तोच पक्षी त्याच फांदीवर बघणं याला मी सात खिंडींपेक्षा जास्त मोल देतो. पण हा माझा स्वभाव झाला.

प्रत्येक दिवसापुढे वहीत एक ‘परत फिरायची अट’ लिहा. भावना नको, मोजता येईल अशी गोष्ट लिहा. ‘दुपारी एकपर्यंत खिंडीत पोहोचलो नाही तर परत.’ ‘ओढ्याचं पाणी गुडघ्याच्या वर असेल तर ओलांडायचं नाही.’ ‘सलग दोन पाणवठे कोरडे मिळाले तर परत.’ हे घरी, पोट भरलेलं असताना लिहायचं, कारण तिथे दुपारी एक वाजता, खिंड समोर दिसत असताना, आपण स्वतःशी घासाघीस करतो. दहा मिनिटांत होईल, बघू तर खरं, इतकं आलोच आहोत तर. ग्रुपमध्ये या घासाघिशीला दुसरी बाजू असते. एकट्याच्या बाबतीत ती बाजू वहीने लढवायची असते. बर्फ वितळून येणाऱ्या ओढ्यांचं पाणी दुपारनंतर चढतं आणि पहाटे सर्वात कमी असतं, तेव्हा अडलात तर रात्रभर थांबणं हाही एक मार्ग आहे. राखीव दिवस त्यासाठीच आहे.

पाणी. पिण्याला आणि शिजवायला मिळून दिवसाला 4 लिटर धरा, ऊन असेल तर जास्त. वाहून न्यायचं किती हे पाणवठ्यांतल्या अंतरावर, पण 4 लिटर मावतील अशी भांडी जवळ असू द्या, रिकामी का होईनात. शुद्ध करण्याच्या दोन पद्धती न्या, एक नव्हे. पोकळ तंतूंचा फिल्टर बॅक्टेरिया आणि परजीवी अडवतो, बहुतेक फिल्टर विषाणू अडवत नाहीत. आणि एकदा भिजलेला फिल्टर गोठला की आतले तंतू तडकतात, बाहेरून काही दिसत नाही. मी एका पहाटे तंबूच्या व्हरांड्यात राहिलेला फिल्टर उचलला तर हाताला दगडासारखा कडक लागला. वितळल्यावर त्यातून पाणी नेहमीपेक्षा जोरात यायला लागलं. मला आधी बरंच वाटलं, मग लक्षात आलं की जोरात येतंय म्हणजेच तो फाटलाय. तेव्हापासून थंडीत तो स्लीपिंग बॅगेत माझ्या पायांशी झोपतो. दुसरी पद्धत क्लोरीन डायऑक्साइडच्या गोळ्या. साधारण अर्ध्या तासात बहुतेक जंतू मरतात, क्रिप्टोस्पोरिडियम या चिवट परजीवीला मात्र चार तास लागतात. उकळणं केव्हाही खात्रीचं: खळखळून एक मिनिट, 2000 मीटरच्या वर तीन मिनिटं.

खाणं आणि इंधन भराभर सांगतो, कारण यात गूढ काही नाही. 100 ग्रॅमला 450 कॅलरीच्या आसपास बसेल असं कोरडं अन्न निवडलं, तर दिवसाला 650 ग्रॅममध्ये 2900 कॅलरी होतात. ते गाठायला स्निग्ध पदार्थ हवेत. तेल, दाणे, सुकामेवा. स्निग्ध पदार्थ ग्रॅमला 9 कॅलरी देतात, पिठूळ पदार्थ 4. सात दिवसांना आठ दिवसांचं न्या, आणि आठव्या दिवसाचं न शिजवता खाता येईल असं असू द्या. रोजचं खाणं वेगळ्या पिशवीत बांधा, नाहीतर तिसऱ्या दिवशी पाचव्याचं खाता. गॅसचं म्हणाल तर, वारा नसेल तर एक लिटर पाणी उकळायला 10 ते 15 ग्रॅम लागतो, वाऱ्यात दुप्पटही. दिवसाला दोन लिटर उकळलं तर सात दिवसांत 200 ग्रॅमच्या आसपास, म्हणजे 230 ग्रॅमचं एक सिलिंडर काठावर पुरतं. माझ्याबरोबर 100 ग्रॅमचं छोटं जास्तीचं असतं. थंडीत नुसत्या ब्यूटेनचं सिलिंडर नेऊ नका. शून्याच्या आसपास ब्यूटेनची वाफच होत नाही आणि भरलेलं सिलिंडर रिकाम्यासारखं वागतं. लायटर दोन, वेगवेगळ्या खिशांत. स्टोव्ह बंद तंबूत पेटवायचा नाही, पाऊस कितीही असो. स्टोव्हमधून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो आणि तुम्हाला हलवून उठवणारं शेजारी कोणी नाही.

सॅक किती किलोची, या तुमच्या प्रश्नाचं उत्तर आता बेरजेने निघतं. तंबू, बिछाना, कपडे, भांडी, औषधं असं न संपणारं सामान 9 ते 10 किलो, खाणं 5 किलोच्या वर, गॅस सिलिंडरसकट अर्धा-पाऊण किलो, पाणी 2. म्हणजे निघताना 17-18 किलो. तुमचं वजन 70 असेल तर हे पाव हिश्शाच्या आसपास जातं. याहून जड होत असेल तर काहीतरी काढा, पण काय काढायचं हे वजन बघून ठरवू नका. ते नसेल तर मी अडकेन का, हे विचारा. कॅमेऱ्याची दुसरी लेन्स निघते, दुसरी हेडटॉर्च निघत नाही.

बिछान्याबाबत एकच सांगायचंय, कारण इथे लोक पैसे उलट्या जागी घालतात. स्लीपिंग बॅगेवर दोन तापमानं छापलेली असतात, ‘कम्फर्ट’ (आरामात झोप लागेल ते) आणि ‘लिमिट’ (कशीबशी रात्र निघेल ते). पहिलं वाचा, दुसरं विसरा. आणि बॅगेइतकंच लक्ष खालच्या मॅटकडे द्या. अंगाखाली दबलेल्या बॅगेच्या भरावात हवा राहत नाही, मग जमीन रात्रभर ऊब ओढत राहते. उंची दर 1000 मीटरला साधारण साडेसहा अंशांनी तापमान उतरवते, हे गावातला अंदाज वाचताना लक्षात ठेवा. तंबू दरीच्या अगदी तळाला नको, थंड हवा रात्री तिथे साचते. कोरड्या ओढ्याच्या पात्रात नको, वर पाऊस पडला तर खाली तुम्हाला पत्ता लागत नाही. वाळक्या फांद्यांखाली नको. पाण्यापासून साठेक मीटर लांब. शौचाचा खड्डाही तितकाच लांब आणि वीतभर खोल.

आता जे याद्यांमध्ये नसतं. पहिली रात्र बहुधा बरी जाते, कारण दमलेले असता. दुसरी वाईट असते. कापडावर पान घासलं तरी ते पाऊल वाटतं. मी अजूनही दुसऱ्या रात्री एकदा उठून, तंबूची चेन उघडून, टॉर्च मारून बघतो. दरवेळी तिथे काही नसतं आणि दरवेळी बघितल्यावरच झोप लागते. याची लाज बाळगू नका. घरी परतायचा निर्णय मात्र रात्री घेऊ नका, सकाळी काहीतरी गरम पिऊन घ्या. सकाळीही परतावंसं वाटलं तर खुशाल परता, त्यात काही हरलेलं नाही.

मला खरी भीती वाटते ती पाचव्या दिवसाची. तेव्हा सगळं जमायला लागलेलं असतं आणि हात सैल पडतात. सपाता घालून पाण्यावर जाणं हे पाचव्या दिवशीचं काम. म्हणून माझे काही हट्ट आहेत: तंबू सोडताना शिटी, टॉर्च आणि बीकन अंगावर, अंतर कितीही असो. सुरी वापरताना बसून, आणि पातं अंगापासून बाहेर. कोरडे मोजे आणि एक गरम थर जलरोधक पिशवीत, ते चालताना घालायचे नाहीतच. रोज संध्याकाळी पाय उघडे करून बघायचे, लाल झालेल्या जागी फोड यायच्या आत पट्टी. आणि थंडी-पावसात दर तासाला जॅकेटची चेन एका हाताने लावून बघायची. बोटं चेन धरत नसतील, शब्द जड होत असतील, तर शरीर थंड पडायला लागलंय. तेव्हा थांबायचं, निवारा, कोरडे कपडे, गोड काहीतरी. ग्रुपमध्ये तुमचं तोंड बघून हे दुसऱ्याला कळतं, इथे चेन सांगते.

इतकं वाचून लगेच तारखा ठरवू नका. आधी एकट्याने दोन रात्री काढा, गाडीरस्त्यापासून दोन तासांवर, आणि मुद्दाम पावसाचा अंदाज असताना. पूर्ण सात दिवसांचं ओझं घेऊन. मग तीन रात्री. त्यात जे तुटेल, ओलं होईल, विसरेल, ते वहीत लिहा. माझ्या पहिल्या अशा सरावात कळलं की मी तंबूचे खुंटेच घरी विसरलोय. सात दिवसांच्या पहिल्या संध्याकाळी ते कळलं असतं तर?

घरच्यांना काय सांगायचं, तर हेच. कागद त्यांच्यासमोर बसून भरा. वाट नकाशावर बोटाने दाखवा, दोन्ही वेळा मोठ्याने वाचा, त्या थंड डोक्याच्या माणसाकडून परत म्हणून घ्या. ‘काळजी करू नका’ हे म्हणू नका, कोणी ऐकत नाही. कोणत्या वेळेपर्यंत काळजी करायची नाही, ते सांगा. मग खाली आलात आणि फोनला पहिली दांडी दिसली, की फोटो पाठवायच्या आधी, काही खायच्याही आधी, त्या माणसाला फोन करा आणि कागद फाडायला सांगा.